यूकेतलं एक वर्षाचं मास्टर्स: निघण्याआधीपासून डिसर्टेशनपर्यंत

ऑफर लेटर आलं, पेढे वाटून झाले, बँकेनं तीच कागदपत्रं तिसऱ्यांदा मागितली. इथपर्यंत येऊन पोचलेल्यांसाठी हा लेख आहे. विद्यापीठ कसं निवडावं, आयईएलटीएसला किती बँड लागतात, हे सांगणारे कन्सल्टंट गल्लोगल्ली आहेत. व्हिसा मिळाला की त्यांचं काम संपतं, तुमचं तिथून सुरू होतं. मी साताऱ्याची. पुण्यात बी.ई. केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि मग लीड्सला एम.एस्सी.ला गेले. आता दर जुलैत कोणाचा तरी मेसेज येतो, ‘ताई, पाच मिनिटं बोलू का?’ त्या पाच मिनिटांचा दीड तास होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची निम्मी धावपळ तिच्यामुळेच होते. आपल्याकडे कॉलेज आपल्या मागे लागतं. फॉर्म राहिला तर क्लार्क ओरडतो, सबमिशन राहिलं तर सर भर वर्गात नाव घेतात. तिकडे कोणी ओरडत नाही. मदत भरपूर असते, पण ती मागावी लागते, शक्यतो ईमेलवर, आणि तारीख उलटायच्या आत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तसा प्रकार.

निघण्याआधी

पैशांपासून सुरुवात करू. ट्यूशन फीखेरीज राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, तोही जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लीड्स, मँचेस्टर, ग्लासगोकडे जाणाऱ्यांना १०,५३९ पौंड. स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात दाखवत असाल तर ही रक्कम सलग २८ दिवस हलता कामा नये. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबांनी पंचविसाव्या दिवशी त्याच खात्यातून विम्याचा हप्ता भरला. रक्कम किरकोळ होती, पण महिना गेला. या कामासाठी वेगळं खातं काढा आणि त्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेवून द्या.

यात न धरलेला खर्च म्हणजे हेल्थ सरचार्ज, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायची फी. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा पुढचे चार महिने धरून मिळतो, त्यामुळे वरच्या महिन्यांचं अर्धं वर्ष धरून दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड, एकदम भरावा लागतो. हा आकडा लोनच्या हिशेबात घालायला बरेच जण विसरतात आणि मग ऐनवेळी मामाला फोन जातो.

नंतर नाव. हा खास आपला त्रास आहे. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम निराळा. डिग्रीवर एखादा ‘ए’ जास्त. विद्यापीठ तुम्हाला कॅस नावाचा क्रमांक देतं आणि त्याच्यावरच व्हिसाचा अर्ज भरला जातो. कॅसचा मसुदा आला की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून मागा; नंतर सगळंच अवघड होतं.

टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, घराजवळच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. काही इंजिनिअरिंग आणि विज्ञान विषयांना अ‍ॅटास नावाची वेगळी परवानगी लागते. ती फुकट आहे, पण काही आठवडे खाते, म्हणून ऑफर लेटरमध्ये तिचा उल्लेख आहे का ते आजच बघा. व्हिसा आता ऑनलाइन असतो. जुनं कार्ड बंद झालं. तुमचं यूकेव्हीआय खातं, म्हणजे व्हिसाचं ऑनलाइन खातं, पासपोर्टला जोडलेलं आहे ना, हे विमानात बसण्याआधी उघडून पाहा. घरमालक किंवा नोकरी देणारा तुमचा व्हिसा तपासायला ‘शेअर कोड’ मागेल तो याच खात्यातून निघतो.

बायकोला किंवा नवऱ्याला सोबत न्यायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सपासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला ती सोय राहिलेली नाही.

बॅगेबद्दल आईशी वाद होणारच. माझं मत सांगते. कुकर न्या, पण इंडक्शनवर चालणारा. बऱ्याच होस्टेलांत इंडक्शन शेगडी असते आणि आपला साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर ढिम्म तापत नाही. सोबत दोन रिंगा आणि एक जादा व्हॉल्व्ह. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी जरूर. पेढे, तूप, खवा मात्र नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे. आईनं कढवलेल्या तुपाची बरणी कस्टमच्या डब्यात टाकताना पाहवत नाही. तिकडचे प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, आपला गोल पिनांचा प्लग त्यात जात नाही. दोन अ‍ॅडॅप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यात भागतं.

राहायची जागा

पहिल्या वर्षी विद्यापीठाचं होस्टेल महाग वाटलं तरी घ्यावं, असं मी सगळ्यांना सांगते. बाहेरचं घर स्वस्त पडतं, पण बाहेरचा घरमालक यूकेत राहणारा जामीनदार मागतो. तो नसेल तर अनेक महिन्यांचं भाडं आगाऊ मागितल्याच्या कहाण्या ऐकाल. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आठ मिनिटांवर कॅम्पस, फक्त डिपॉझिट पाठवा’ म्हणणारे ठग प्रत्येक ऑगस्टमध्ये उगवतात. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.

तरी बाहेरच राहायचं ठरलं, तर इंग्लंडमधले नियम माहीत असू द्या. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, आणि विद्यार्थ्यांचं असतंच, तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तुम्हाला तसं कळवणं घरमालकावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर विचारा. चार जणांनी मिळून एकच करार केला असेल तर एकानं पळ काढल्यावर त्याचं भाडं उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडू शकतं. आणि काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी: पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ आहे, पण माफी आपोआप मिळेल असं धरून बसू नका. विद्यापीठाकडून सर्टिफिकेट घेऊन नगरपालिकेला द्या. घरात एखादा नोकरी करणारा राहत असेल तर बिल येतंच.

आता फोडणीची गोष्ट. माझ्या होस्टेलमधली ती तिसरी रात्र. पिठल्यासाठी तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरच्या टाकल्या आणि हवा खेळती राहावी म्हणून मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं. हीच चूक. स्वयंपाकघरातला सेन्सर उष्णतेवर चालतो, तो गप्प राहिला. कॉरिडॉरमधला धुरावर चालतो, त्यानं भोंगा सुरू केला. रात्री साडेदहाला सगळी इमारत खाली अंगणात. कोणी टॉवेलमध्ये, कोणी अनवाणी, आणि मी हातात उलथनं घेऊन. फोडणी करताना एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, दार घट्ट बंद. सेन्सरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याला दंड होतो आणि होस्टेलही जातं.

पहिले दहा दिवस

नोंदणी, ओळखपत्र, बँक, डॉक्टर. या क्रमानं उरका. बँकेसाठी विद्यापीठाकडून पत्ता लिहिलेलं पत्र मिळतं, ते मागून घ्या.

डॉक्टरांचं सगळे पुढे ढकलतात. तुम्ही हेल्थ सरचार्ज भरलेला आहे, तर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला. ताप आल्यावर जाऊ म्हणाल तर फणफणत फॉर्म भरत बसाल. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९. चिठ्ठीवरच्या औषधाला इंग्लंडमध्ये प्रत्येकी ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधं मोफत आहेत. दातांचं काम मात्र निघण्याआधी साताऱ्या-सांगलीतच करून घ्या. तिकडे एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट मिळेपर्यंत दाढ पडून जाईल.

रेल्वेनं फिरणार असाल तर १६–२५ रेलकार्ड काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. वय २५ च्या पुढे असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्यांना ते मिळतं, हे तिथल्या मुलांनाही ठाऊक नसतं.

वर्गात

खरी अडचण इथे येते, म्हणून जरा थांबून लिहिते.

मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास, म्हणजे वर्षाचे १,८०० तास. यातले वर्गातले तास आठवड्याला दहा-बारा, कधी त्याहूनही कमी. टाइमटेबल पाहून माझ्या शेजारचा मुलगा खूश झाला होता, ‘मंगळवार-शुक्रवार सुट्टी!’ ती सुट्टी नव्हती. प्रत्येक विषयाची एक रीडिंग लिस्ट असते आणि सेमिनारमध्ये ती वाचून आलात असं धरूनच चर्चा चालते. सगळं वाचून होत नाही, कोणाचंच होत नाही. ‘यातलं आधी काय वाचू?’ असं शिक्षकांना विचारलं तर ते आनंदानं सांगतात.

शिक्षकांना नावानं हाक मारायची. मला पहिले दोन महिने ते जमलं नाही. जिभेवर ‘मॅम’ यायचं आणि समोरची बाई हसायची. ईमेल लिहितानाही ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम रायटिंग विथ ड्यू रिस्पेक्ट’ काढून टाका. ‘डिअर’, पुढे त्यांचं नाव, दुसऱ्या ओळीत कुठल्या विषयाचे विद्यार्थी ते, तिसऱ्या ओळीत प्रश्न. प्रश्न नेमका हवा. ‘मला असाइनमेंट समजली नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘प्रश्नात तुलना मागितली आहे, तर दोनच कंपन्या घेतल्या तर चालेल का?’ याला एका ओळीत उत्तर येतं.

गुणांबद्दल घरच्यांना आधीच कल्पना द्या. माझ्या पहिल्या निबंधाला ५८ पडले. फोनवर बाबा काही बोलले नाहीत, फक्त ‘बरं’ म्हणाले, आणि ते ‘बरं’ मला आठवडाभर टोचत राहिलं. मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ८० च्या वर क्वचित कोणी जातं. आपल्या ९२ टक्क्यांच्या सवयीला ६४ म्हणजे नामुष्की वाटते. तिकडे ६४ हा चांगला निकाल आहे.

५८ का पडले, ते विचारायला मी शिक्षिकेच्या ऑफिस अवर्समध्ये गेले. ऑफिस अवर्स म्हणजे आठवड्यातले ठरावीक तास, तेव्हा त्यांचं दार विद्यार्थ्यांसाठी उघडं असतं. रांगेत मी एकटीच. वर्गात साठ जण होते. त्यांनी माझा निबंध पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावर चार ठिकाणी गोल केले. चारही परिच्छेद ‘अमुक लेखकाच्या मते’ असे सुरू होत होते. मग विचारलं, ‘आणि तुझ्या मते?’ मी म्हटलं, माझं मत कशाला, मी विद्यार्थिनी आहे. त्या म्हणाल्या, त्याचेच तर गुण आहेत. वीस मिनिटांत मला जे कळलं ते चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. तिथे पाठ्यपुस्तक बरोबर उतरवलं की पूर्ण मार्क मिळायचे. इथे दोन लेखकांचं कुठे जुळत नाही, त्यातलं कोणाचं पटतं आणि का, हे लिहावं लागतं. पुढच्या निबंधाला ६७ मिळाले.

आता उतरवण्याचा विषय निघालाच आहे तर. सीनियरची फाइल आणून रात्रीत उतरवणं हा आपल्याकडे गुन्हा मानत नाहीत, मीही उतरवलेल्या आहेत. तिकडे त्याची चौकशी बसते. लिखाण टर्निटिन नावाच्या सॉफ्टवेअरमधून जातं आणि ते किती मजकूर इतरांशी जुळतो याचा टक्का दाखवतं. तो टक्का म्हणजे निकाल नव्हे. २५ टक्के असूनही सगळी अवतरणं नीट दिलेली असतील तर काही होत नाही. आठच टक्के, पण एकच सलग परिच्छेद उचललेला असेल तर बोलावणं येतं. मित्राला ‘फक्त बघायला’ दिलेला कोड त्यानं जसाच्या तसा दिला तर दोघंही अडकता. स्वतःचाच जुना निबंध पुन्हा देणंही चालत नाही. चॅटजीपीटीबद्दल प्रत्येक असाइनमेंटच्या सूचनांत लिहिलेलं असतं, तिथे नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

चौकशीचं पत्र आलंच तर घाबरून एकट्यानं उत्तर लिहू नका. स्टुडंट्स युनियनमध्ये सल्लागार असतात आणि ते विद्यापीठाचे नोकर नसतात. आपल्याकडे युनियन म्हटलं की मोर्चा आठवतो. तिथली युनियन कॅफे चालवते, विद्यार्थ्यांची हौशी मंडळं चालवते आणि अशा वेळी शेजारी बसते.

आजारी पडलात, घरी काही वाईट घडलं, तर मुदतवाढीचा अर्ज असतो. तो डेडलाइनच्या आधी द्यायचा. उशिरा दिलेल्या कामाचे गुण रोज कापले जातात, बऱ्याच ठिकाणी दिवसाला पाच. माझे आजोबा नोव्हेंबरमध्ये गेले तेव्हा मी कोणाला काही न सांगता रात्रभर जागून निबंध पुरा केला. वर्गातली एक ग्रीक मुलगी म्हणाली, ‘तू फॉर्म का नाही भरलास?’ मला तो माहीतच नव्हता.

काम आणि व्हिसा

टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, याहून एक मिनिट जास्त नाही. आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, आणि दोन ठिकाणी काम केलं तर तास मिळून धरतात. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात सुट्टी असते, ती मुलं तेव्हा पूर्णवेळ काम करतात. तुमचा उन्हाळा डिसर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रबंधाचा. तो टर्मच समजला जातो, तिथेही २० तासच. हे न कळल्यामुळे जून-जुलैत नियम मोडणारे दरवर्षी भेटतात. स्वयंरोजगाराला परवानगी नाही, त्यामुळे डिलिव्हरी अ‍ॅपवर सायकल चालवणं बाद. मित्राच्या खात्यावर चालवणं तर त्याहून वाईट. हातात रोख देणारं आणि पगारपत्रक न देणारं हॉटेल भेटलं तर तिथून निघा, भले मालक कोल्हापूरचा का असेना.

विद्यापीठातलीच कामं शोधा: लायब्ररी, ओपन डे, परीक्षेचे पर्यवेक्षक. तास विद्यापीठ स्वतःच मोजतं. आणि पक्क्या नोकरीचे अर्ज ऑक्टोबरपासून. मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या वर्षीच्या जागा तेव्हाच उघडतात, तुम्हाला लायब्ररीचा रस्ता नीट सापडण्याच्या आधी.

कोर्स झाल्यावर ग्रॅज्युएट रूट नावाच्या व्हिसावर थांबता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील, पीएचडीवाल्यांना तीन वर्षंच. अर्ज यूकेत असतानाच आणि आधीचा व्हिसा संपण्यापूर्वी करायचा असतो, तोही विद्यापीठानं कोर्स पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला, म्हणजे तिकडच्या गृहखात्याला, कळवल्यावर.

हिवाळा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेचार तासांचा फरक होता, तो साडेपाच होतो आणि आईचा रात्रीचा फोन ऐन लेक्चरमध्ये येऊ लागतो. डिसेंबरात दुपारी पावणेचारला अंधार. त्या दिवसांत खोलीतून बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं. लीड्समध्ये माझं निमित्त होतं कर्कगेट मार्केट. १८८४ मध्ये याच बाजारातल्या एका ठेल्यावर मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात झाली. संध्याकाळी बाजार आवरताना एका पौंडात टोपलीभर मिरच्या द्यायचे.

लंडनजवळ असाल तर डॉलिस हिलला १९३२ सालचं महाराष्ट्र मंडळ आहे. आणि चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहत होते. महाराष्ट्र शासनानं ते घर घेऊन तिथे स्मारक केलं आहे.

डिसर्टेशन

६० क्रेडिटचं काम, साधारण जून ते ऑगस्ट. मार्गदर्शकाच्या भेटी मोजक्या असतात आणि ऑगस्टमध्ये ते रजेवर जातात, म्हणून मेमध्येच त्यांच्या रजेच्या तारखा विचारून घ्या. लोकांच्या मुलाखती किंवा सर्व्हे करणार असाल तर एथिक्सची, म्हणजे विद्यापीठाच्या नीतिसमितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका. आमच्या बॅचमधल्या एकानं उत्साहात आधीच ९० जणांकडून फॉर्म भरून घेतले होते, ते सगळे टाकून द्यावे लागले.

खोली सोडताना भिंती, गादी, ओव्हन, सगळ्याचे तारखेसहित फोटो काढा. शक्यतो पहिल्या दिवशीही काढलेले असू द्या. डिपॉझिटच्या भांडणात तेच उपयोगी पडतात. माझा कुकर मी पुढच्या बॅचच्या सांगलीच्या एका मुलीला दिला. रिंग तेवढी तिला नवी आणायला सांगितली होती, जुनी शिट्टीच होऊ देत नव्हती.